दुसरे बालपण नव्हे

संपादक मंडळाने दरवर्षीप्रमाणे यंदाही माझ्याकडे बालसंगोपनावर लेख मागितला होता. लसीकरण, आहार, परीक्षेचा ताण, मोबाइलचे वेड अशा विषयांवर या स्मरणिकेत मी वेळोवेळी लिहिले आहे आणि सभासदांनी ते सोसले आहे. यंदा मात्र मी माझी हद्द ओलांडून वार्धक्याविषयी लिहिणार आहे. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या संघटनेचे जे ज्येष्ठ सदस्य एके काळी दोन-दोन पायऱ्या चढून सभागृहात येत, त्यांपैकी बरेच जण आज घराबाहेर पडू शकत नाहीत. आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी आई, वडील, सासू किंवा सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. हे पहिले कारण. दुसरे व्यक्तिगत आहे. माझ्या आईची शेवटची सहा वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. त्या काळात एका निवृत्त ख्रिस्ती परिचारिकेकडून मी जे शिकलो, ते वैद्यकीय महाविद्यालयात मला कोणी शिकवले नव्हते.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमचे घर वारकरी वळणाचे. आईचा हरिपाठ तोंडपाठ होता. तरीही वार्धक्य आणि सेवा यांविषयी ख्रिस्ती परंपरेने जो विचार केला आहे, त्याने माझ्या अडचणीच्या काळात मला आधार दिला. तो विचार धर्मांतराचा नाही, आचरणाचा आहे, आणि म्हणूनच तो आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवावासा वाटतो.

वृद्धपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सर्रास म्हणतो. बालरोगतज्ज्ञाला तर हे वाक्य फारच सोयीचे वाटते. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बॅरी राइसबर्ग यांनी अल्झायमर रोगाच्या अवस्थांची जी मोजपट्टी तयार केली, ती वाचताना आमच्या विषयाचे पाठ्यपुस्तक कोणी शेवटच्या पानाकडून उलटे वाचत आहे असा भास होतो. रुग्णाला प्रथम प्रसंगानुरूप कपडे निवडता येत नाहीसे होतात, मग ते अंगात घालता येत नाहीत. त्यानंतर स्नान, शौच, लघवीवरील ताबा, मग बोलणे, चालणे, बसणे आणि अगदी शेवटी हसणे व मान सावरणे. बाळ सहा-आठ आठवड्यांचे झाले की आईकडे पाहून हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते. आणि याच दोन गोष्टी जाताना सर्वांत शेवटी जातात. राइसबर्ग यांनी या उलट्या प्रवासाला ‘रेट्रोजेनेसिस’ असे नाव दिले आहे.

आईचे निदान झाले तेव्हा ही मोजपट्टी मी जवळजवळ आनंदाने वाचली. हे तर माझेच क्षेत्र, असे वाटले. तीस वर्षे मी मुलांना भरवायचे कसे, झोपवायचे कसे, हट्ट हाताळायचा कसा, हे लोकांना सांगत आलो होतो. तेच ज्ञान आता घरी वापरायचे, एवढेच. माझी चूक येथून सुरू झाली.

आई मराठी शाळेत शिक्षिका होती. छत्तीस वर्षे तिने चौथीच्या मुलांना शुद्धलेखन आणि पाढे शिकवले. बेळगावात आजही केस पिकलेले गृहस्थ मला थांबवून, ‘बाई कशा आहेत?’ असे विचारीत. त्या बाईंना मी चमचा पुढे करून ‘आ कर पाहू’, ‘शहाणं बाळ ना तू’ असे म्हणू लागलो. ती ओठ घट्ट मिटून घेई, वाटी ढकलून देई. मी नोंदवहीत लिहीत असे: जेवणास नकार, चिडचिड. औषधाची मात्रा वाढवावी काय, याचा विचार करीत असे.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. सेवा करीत होती ती माझी पत्नी; मी केवळ उपचार करीत होतो. ती पॅथॉलॉजिस्ट आहे. तिने संध्याकाळची लॅब बंद केली; माझी संध्याकाळची ओपीडी मात्र चालूच राहिली. हा निर्णय आम्ही दोघांनी बसून कधी घेतला नाही. तो आपोआप झाला, जसा तो असंख्य घरांत होतो. तिसऱ्या वर्षी आईला पलंगावरून उचलताना पत्नीच्या कमरेत जी कळ आली, ती मणक्याची चकती सरकल्याची निघाली. मग दोघीही अंथरुणावर, आणि मी स्वयंपाकघरात गॅसजवळ दूध कधी उतू जाते याची वाट पाहत उभा.

त्या आठवड्यात सिस्टर आल्या. मी नवशिका होतो तेव्हा नवजात अर्भकांच्या कक्षात त्या प्रमुख परिचारिका होत्या. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला जे मिशन रुग्णालय सुरू केले, तेथे शिकून तयार झालेल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी आपल्या या सीमाभागातील कितीतरी दवाखाने उभे केले, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. सिस्टर त्यांपैकीच एक. मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, कॅम्प भागात राहणाऱ्या. कोणीतरी आमची अवस्था त्यांच्या कानावर घातली असावी. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मी आठवड्यातून तीन दिवस दुपारी येईन. पैशाचं बोलू नका.”

पहिल्याच दिवशी त्यांनी मला भरवताना पाहिले. काही बोलल्या नाहीत. मग माझ्या हातातून वाटी घेतली, आईच्या समोर खुर्ची ओढून तिच्या नजरेच्या पातळीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, आज आमटी आहे. थोडी घेता का?” आणि थांबल्या. मिनिटभर तरी काहीच घडले नाही. बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत मिनिट हा फार मोठा काळ असतो. मी घड्याळाकडे पाहिले. मग आईने तोंड उघडले.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, बाई तुमचं बाळ नाहीत. लेकराला शिकवायचं असतं. बाईंना आता काही शिकवायचं राहिलं नाही, त्यांचं शिकवून झालंय.”

या एका वाक्याने राइसबर्ग यांची मोजपट्टी खोटी ठरत नाही. मेंदूतील पेशींचा ऱ्हास ज्या क्रमाने होतो तो होतोच. परंतु बाळाचे जगणे अजून लिहायचे असते आणि वृद्धाचे लिहून झालेले असते. बाळाला परावलंबनाची लाज नसते; वृद्धाला ती असते आणि बुद्धी विझत आली तरी ती लाज बराच काळ जिवंत राहते. चमचा पुढे करणाऱ्या हाताला हे उमगले नाही, तर उत्तम निगासुद्धा अपमान होऊन बसते.

सिस्टरांनी आपला धर्म आमच्या घरात कधी बोलून दाखवला नाही. आई अस्वस्थ झाली की त्या उशाजवळची हरिपाठाची पोथी घेऊन वाचीत. आईचे ओठ त्यासरशी हलू लागत. स्वतःची प्रार्थना त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या राहून मनातल्या मनात करीत आणि मग हात धुऊन कामाला लागत. एकदा मात्र मीच विषय काढला. त्या कोमट पाण्याच्या घमेल्यात आईचे पाय धूत होत्या, नखे कापत होत्या. मला ते पाहवेना. “सिस्टर, हे तुम्ही कशाला करता? आपण कामाला कोणाला तरी ठेवू,” असे मी म्हणालो.

त्या हसल्या. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या गुरुवारी त्यांच्या चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचला जातो. कॅथलिक चर्चमध्ये तर त्या दिवशी धर्मगुरू खरोखरच बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि आपल्या शिष्यांचे पाय धुऊ लागतो. हा प्रसंग सेवेचा आदर्श म्हणून आपण सर्वांनी ऐकला आहे. सिस्टरांनी त्यातला निराळाच भाग पुढे केला. “पेत्र नाही म्हणाला, ते आठवतं का? त्याला धुवायला सांगितलं असतं तर त्यानं बाराही जणांचे धुतले असते. धुवून घ्यायला सांगितलं, तिथं अडला. तुम्ही डॉक्टर मंडळी सगळी पेत्र आहात.”

या दृष्टीने तो अध्याय मी नंतर पुन्हा पुन्हा वाचला. पाय धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा काही संबंध नाही, अशा अर्थाचे उत्तर पेत्राला मिळते. म्हणजे घेण्यास नकार देणारा नातेच नाकारतो. देण्यात मोठेपणा असतो, देणाऱ्याचा हात वर असतो. घेताना तो खाली येतो. आयुष्यभर देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, मग तो डॉक्टर असो, शिक्षिका असो वा घर चालवणारी गृहिणी, वार्धक्य ही खुर्ची बदलायला लावते. ख्रिस्ती विचारात वार्धक्यातील आध्यात्मिक वाढ म्हणतात ती येथे सुरू होते, अशी माझी समजूत झाली आहे.

सिस्टरांनाही हे सहजासहजी साधले नव्हते. त्यांच्या पतीला पक्षाघात झाला आणि सात वर्षे त्यांनी एकटीने त्यांचे सर्व काही केले. त्याविषयी त्या फारसे बोलत नसत. एका पावसाळी दुपारी वीज गेली होती तेव्हा बोलल्या. “पहिल्या वर्षी मी ते बरे व्हावेत म्हणून प्रार्थना केली. दुसऱ्या वर्षी मला धीर दे म्हणून. तिसऱ्या वर्षी त्यांना उचल म्हणून. आणि मग तसं मागितलं म्हणून आठवडाभर चर्चला गेले नाही.” त्यांच्या मंडळीतल्या बायका विचारपूस करायला येत, तेव्हा त्या दारातूनच, ‘सगळं ठीक आहे’ असे सांगून त्यांना परत पाठवीत. मिरजेला शिकलेली परिचारिका. तिला कोणाची मदत कशाला हवी? शेवटी एक म्हातारी बाई परत जायला तयार होईना. ती आत येऊन पतीच्या उशाशी बसली आणि सिस्टरांना म्हणाली, जा, झोप. त्या दोन तास झोपल्या. “डॉक्टर, त्या दोन तासांत मी देवावर विश्वास ठेवला असं म्हणा. तोवर नुसतं मानत होते.” त्यानंतर दर बुधवारी कोणी ना कोणी येऊ लागले. प्रार्थना होई, पण त्याआधी चादर बदलली जाई.

ख्रिस्ती परंपरेत या चादर बदलण्याला फार जुना इतिहास आहे. चौथ्या शतकात, इ. स. ३७० नंतर, सीझरियाचे बिशप बेसिल यांनी शहराबाहेर आजारी, निराधार, वाटसरू व कुष्ठरोगी यांच्यासाठी एक वसाहतच उभारली. पुढे बायझंटाइन साम्राज्यात वृद्धांसाठी निराळी गृहे निघाली आणि त्यांना ग्रीक भाषेत निराळे नावही मिळाले. या परंपरेतील असंख्य माणसांपैकी दोघींचा विचार मी आईच्या आजारपणात वारंवार केला.

पहिली फ्रान्समधील झान झ्युगाँ. १७९२ साली ब्रिटनी प्रांतातील कांकाल या बंदरगावी जन्मलेली, घरकाम करून पोट भरणारी स्त्री. १८३९ सालच्या थंडीत तिने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला घरी आणले, तिला स्वतःचा पलंग दिला आणि आपण माळ्यावर झोपू लागली. हळूहळू आणखी म्हाताऱ्या आल्या. त्यांतल्या काही जणी भीक मागून जगत. झान त्यांना म्हणाली की तुमची घरे मला सांगा, तुमच्या ऐवजी मी जाईन. आणि टोपली घेऊन ती दारोदार फिरू लागली. माधुकरीची परंपरा जाणणाऱ्या आपल्याला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही: तिने म्हाताऱ्यांना अन्न दिले ते तर खरेच, पण मागण्याची लाजही त्यांच्याकडून आपल्याकडे घेतली. पुढे ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ म्हणून जगभर पसरलेल्या, आणि बेंगळुरूसह भारतातील काही शहरांत वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थेचा आरंभ तो.

मला अधिक भिडला तो तिचा उत्तरार्ध. संस्थेचा कारभार हाती घेतलेल्या एका धर्मगुरूने तिला बाजूला सारले, स्थापनेचे श्रेय स्वतःकडे घेतले. १८५२ पासून १८७९ मध्ये ८६व्या वर्षी तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ती आश्रमात एक सामान्य म्हातारी म्हणून राहिली. तिच्या भोवती वावरणाऱ्या कोवळ्या मुलींना हीच आपली संस्थापिका आहे हे ठाऊक नव्हते. तिने तक्रार केल्याची नोंद नाही. अन्याय तो अन्यायच. पुढे चर्चच्या चौकशीत त्या धर्मगुरूला पदावरून दूर करण्यात आले आणि २००९ साली पोपनी झान झ्युगाँ हिला संतपद दिले. परंतु पद गेल्यावर, नाव गेल्यावर, काम गेल्यावर माणूस काय उरतो, या प्रश्नाचे उत्तर तिने सत्तावीस वर्षे जगून दिले. दवाखान्याची पाटी उतरवण्याची वेळ जवळ आलेल्या आपल्या पिढीने ते वाचण्यासारखे आहे.

दुसरी स्त्री आपल्या व्यवसायातली: डेम सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५). त्या प्रथम परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा, वॉर्सॉहून आलेला पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरत होता. मरणाऱ्या माणसाला शांतपणे राहता येईल असे घर असावे, याविषयी दोघे बोलत. मरताना त्याने अशा घराच्या खिडकीसाठी म्हणून आपले ५०० पौंड त्यांना दिले. केवळ परिचारिका म्हणून आपले कोणी ऐकणार नाही हे ओळखून त्या तेहतिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने तोंडावाटे मॉर्फिन देण्याची पद्धत त्यांनी लंडनमधील आयरिश भगिनींच्या सेंट जोसेफ रुग्णगृहात काटेकोर नोंदींनिशी रुळवली. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले आणि आधुनिक परिहार उपचारांचा पाया घातला गेला. वेदना केवळ शरीराची नसते; ती मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हा त्यांचा ‘संपूर्ण वेदने’चा सिद्धान्त आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

सिसिलीबाईंची ख्रिस्तावर गाढ श्रद्धा होती. परंतु हॉस्पिसचे दार सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांना उघडे होते. मृत्युशय्येवरील माणसावर श्रद्धा लादू नये, याविषयी त्या दक्ष असत. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला त्यांची आणखी एक गोष्ट फार आवडते: मरणासन्न रुग्णांच्या त्या वास्तूत त्यांनी वृद्धांसाठी निवासाची सोय केली आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी बालवाडीही ठेवली. लूकच्या शुभवर्तमानात देवळात वाट पाहणारा वृद्ध शिमोन आणि वयोवृद्ध हन्ना येशूच्या बालरूपाला भेटतात, शिमोन त्याला हातांत घेतो. म्हातारा आणि बाळ एकमेकांजवळ असावेत, पण एकाला दुसरा समजू नये, हे त्या चित्रात आहे. आपल्या देशात हा विचार १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने ‘शांती आवेदना’च्या रूपाने आला, गोव्यातही त्याची शाखा निघाली.

सिसिलीबाईंनी १९८० साली मारियान बोहूश-शिश्को या त्यांच्याहून बऱ्याच वडील पोलिश चित्रकाराशी विवाह केला, उतारवयात त्यांची शुश्रूषा केली. १९९५ साली ते सेंट ख्रिस्तोफर्समध्येच गेले. दहा वर्षांनी, २००५ साली, स्तनाच्या कर्करोगाने त्या स्वतः त्याच संस्थेत रुग्ण म्हणून वारल्या. ज्या पलंगांशेजारी उभ्या राहून त्यांनी शेकडो लोकांना धीर दिला, त्यांपैकी एका पलंगावर शेवटी त्या निजल्या. आपण जी सेवा उभी करतो, तीच एक दिवस आपल्याला घ्यावी लागणार आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

इंग्रज धर्मगुरू डब्ल्यू. एच. व्हॅनस्टोन यांच्या १९८२ सालच्या ‘द स्टेचर ऑफ वेटिंग’ या पुस्तकात याला जोडणारा विचार आहे. शुभवर्तमानांत गेथशेमाने बागेपर्यंत येशू सतत काही ना काही करीत असतो: चालतो, शिकवतो, बरे करतो. तेथे त्याला पकडून दिले जाते, आणि त्यानंतर तो फारसे काही करीत नाही. त्याच्याबाबत केले जाते. त्याला नेतात, उभे करतात, कपडे काढतात, घालतात. व्हॅनस्टोन म्हणतात की या दुसऱ्या भागात त्याची थोरवी कमी होत नाही, उलट तेथेच ती पूर्ण होते. दुसऱ्याच्या हाती सोपवले गेल्याने माणसाची प्रतिष्ठा जात नाही, असा त्याचा मथितार्थ. आईला कूस बदलून देताना मला हे आठवत असे.

येथे एक सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. सर्वच धर्मांप्रमाणे ख्रिस्ती शिकवणीचाही दुरुपयोग होतो. ‘प्रत्येकाने आपापला वधस्तंभ वाहावा’ असे सांगून घरातल्या सुनेला, लेकीला गप्प बसवता येते. आपल्याकडे तेच काम ‘कर्तव्य’ आणि ‘पूर्वसंचित’ हे शब्द करतात. यावर सिस्टरांचे उत्तर तयार होते. पत्नीच्या कमरेला शेक देता देता त्या म्हणाल्या, “प्रभूचा क्रूस तरी त्यानं एकट्यानं कुठं वाहिला? वाटेत शिमोन नावाचा एक कुरेनेकर चालला होता, त्याच्या खांद्यावर दिला. तुम्ही डॉक्टरांना सांगा, त्यांचा खांदा रिकामा आहे.” पत्नीला सांगावे लागले नाही, मी दारातच उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून तीनच दिवस झाली. उत्पन्न घटले, काही पालक नाराज झाले. आईला भरवायला किती वेळ लागतो हे मात्र मला प्रथमच कळले: पंचेचाळीस मिनिटे.

शेवटच्या महिन्यात आई बोलेनाशी झाली. एके रात्री तिच्या तळहातावर मी बोट ठेवले आणि तिची बोटे त्याभोवती मिटली. नवजात बाळाची आई हे पाहून हरखते, तेव्हा मी तिला समजावून सांगतो की ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, चार-सहा महिन्यांत जाईल. मेंदूचा पुढचा भाग निकामी होत गेला की तीच क्रिया परत येते, हेही मला माहीत होते. सिस्टर शेजारी होत्या. मी म्हणालो, “हा रिफ्लेक्स आहे.” त्या म्हणाल्या, “असेल डॉक्टर. पण बोट तर तुमचंच आहे ना? काढू नका.” मी पहाटेपर्यंत तसाच बसलो. त्या रात्री मी काहीही उपचार केले नाहीत. ती नऊ दिवसांनी गेली.

आज सिस्टर स्वतः ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्या मंडळीतल्या मुली बुधवारी येतात, त्यांना आंघोळ घालतात. मी एकदा गेलो असता त्या खुर्चीत बसून केस विंचरून घेत होत्या. “पेत्र ऐकायला लागलाय,” एवढेच बोलल्या.

आता संघटनेपुढे एक नम्र सूचना. वृद्ध रुग्णाला तपासताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही शेवटचे सलग किती तास झोपलात?’ असा एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा. उत्तर केसपेपरवर लिहावे. आणि आपल्या सभासदांच्या घरी जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्याजवळ आठवड्यातून दोन तास बसण्यासाठी आपण एक यादी करावी. तपासायला जायचे नाही, बसायला जायचे. त्या काळात घरच्या माणसाने झोपावे, बाजारात जावे किंवा नुसते गच्चीवर उभे राहावे. यादीत दोन रकाने असावेत: ‘मी येऊ शकतो’ आणि ‘माझ्याकडे या’. पहिला रकाना तासाभरात भरेल, याची मला खात्री आहे. दुसऱ्यात पहिले नाव घालणे आपल्यापैकी कोणालाही जड जाईल. म्हणून ते माझे लिहावे. माझे सासरे एक्याण्णव वर्षांचे आहेत, सध्या आमच्याकडे असतात, आणि गुरुवारी दुपारी आम्हा दोघांनाही कोणीतरी यायला हवे आहे.